ऋण न काढता ग्रीसची सहल : ध्येयासाठी बचतीचा एक पाठ

मुदत ठेव मोडायला येणाऱ्या खातेदारांची कारणे बँकेत सगळ्यांना पाठ असतात : आजारपण, लग्न, घराची दुरुस्ती, मुलांची फी. अलीकडे त्यांत एका कारणाची भर पडली आहे, ते म्हणजे परदेशची सहल. सहल करू नये असे कोणी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे काटकसर करणाऱ्या कुटुंबालाही एकदा समुद्रापलीकडचे जग पाहावेसे वाटते आणि ते वाटणे रास्तच आहे. प्रश्न एवढाच की त्या सहलीचे पैसे जाण्याआधी भरायचे, की परतल्यावर तीन वर्षे भरत बसायचे?

या पाठात आपण एक खरेखुरे ठिकाण घेऊन हा हिशेब करू. ठिकाण आहे ग्रीसमधील सायक्लेडीज बेटसमूह. निळ्या घुमटांची आणि पांढऱ्या घरांची जी छायाचित्रे प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरतात, ती बहुतेक याच बेटांवरची, विशेषतः सॅन्टोरिनीची असतात. तुमचे ठिकाण वेगळे असेल, अंदमान असेल किंवा चारधाम असेल. आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

आधी ठिकाण समजून घ्या

एजियन समुद्रातील सायक्लेडीज समूहात लहानमोठी सुमारे २२० बेटे आहेत. त्यांपैकी वीस-बावीसांच्या आसपास बेटांवरच वस्ती आहे. डेलॉस या प्राचीन पवित्र बेटाभोवती ही बेटे जणू वर्तुळ करून बसली आहेत, म्हणून समूहाला हे नाव पडले. त्यांतील नॅक्सोस हे सर्वांत मोठे बेट. तिथे शेती आहे, बटाटा आणि चीज यांसाठी ते ग्रीसभर प्रसिद्ध आहे, लांबलचक वाळूचे किनारे आहेत आणि बंदरालगत अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराची संगमरवरी चौकट उभी आहे. सॅन्टोरिनी हा ज्वालामुखीच्या स्फोटानंतर उरलेला कडा. दृश्य अप्रतिम, पण जागा थोडी आणि मागणी जगभरातून, त्यामुळे तिथली खोली महाग.

बचत करणाऱ्याने या वर्णनातला पैशाचा भाग टिपून घ्यावा. एकाच समुद्रातील, बोटीने दोनेक तासांच्या अंतरावरील दोन बेटांत राहण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट असू शकतो. म्हणजे 'ग्रीसला किती खर्च येतो?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या बेटावर, किती रात्री आणि कोणत्या महिन्यात हे ठरल्याशिवाय आकडा निघत नाही.

महिना तर फारच महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील सुट्ट्या असतात. १५ ऑगस्टचा मेरीमातेचा सण ग्रीसमध्ये मोठा, त्या सुमारास बोटी आणि खोल्या भरलेल्या असतात. याच काळात मेल्टेमी नावाचे उत्तरेचे जोरदार वारे वाहतात आणि वारा फार वाढला की बोटी रद्द होतात. हिवाळ्यात लहान बेटांवरील बरीच हॉटेले बंद असतात. मेचा शेवट, जूनचा आरंभ किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध हा काळ खिशाला आणि प्रकृतीला दोन्हीला मानवणारा.

खर्चाची यादी

समजा, एका जोडप्याला मेअखेरीस दहा रात्रींसाठी जायचे आहे : अथेन्सला एक रात्र, नॅक्सोसला चार, सॅन्टोरिनीला तीन आणि परतीपूर्वी पुन्हा अथेन्सला दोन. शेवटच्या दोन रात्री अथेन्सला मुद्दाम ठेवल्या आहेत. वाऱ्यामुळे बोट एक दिवस रद्द झाली, तरी परतीचे विमान चुकत नाही. बोट चुकण्यापेक्षा विमान चुकणे कितीतरी महाग पडते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरू. भाडी आणि खोल्यांचे दर येथे उदाहरणापुरते गृहीत धरले आहेत. तुम्ही आपल्या तारखांचे दर पाहून ते बदलून घ्या.

विमान, जाऊन-येऊन, दोघांचे : १,२०,००० रुपये
व्हिसा शुल्क, ९० युरो × २ : १८,००० रुपये
व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क, फोटो, प्रवास विमा : ६,००० रुपये
खोली, अथेन्स ३ रात्री × ८० युरो : २४,००० रुपये
खोली, नॅक्सोस ४ रात्री × ८० युरो : ३२,००० रुपये
खोली, सॅन्टोरिनी ३ रात्री × १४० युरो : ४२,००० रुपये
निवासावरील कर, ५ युरो × १० रात्री : ५,००० रुपये
बोटी, माणशी १४० युरो × २ : २८,००० रुपये
जेवणखाण, माणशी रोज ३५ युरो : ७०,००० रुपये
बस, संग्रहालये, इतर : २०,००० रुपये
एकूण : ३,६५,००० रुपये
दहा टक्के राखीव : ३६,५०० रुपये
लक्ष्य : सुमारे ४ लाख रुपये

यादीतील काही रकमा जाहिरातीत दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहा.

ग्रीस शेंगेन देशांत येतो. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. व्हिसा नाकारला गेला, तरी हे पैसे परत मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी व्हिसा केंद्रावर स्वतः जावे लागते. तुमच्या गावी केंद्र नसेल, तर तिथवरचा रेल्वे आणि राहण्याचा खर्चही यादीत धरा.

निवासावरील कर बहुतेकदा खोलीच्या दरात दाखवलेला नसतो, तो हॉटेलवर वेगळा भरावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एका खोलीमागे प्रत्येक रात्रीला एक-दोन तारांकित हॉटेलात २ युरो, तीन तारांकित हॉटेलात ५, चार तारांकितमध्ये १० आणि पाच तारांकितमध्ये १५ युरो असा हा कर आहे.

बोटींत दोन प्रकार असतात. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठी नेहमीची बोट नॅक्सोसला पाच-साडेपाच तासांत आणि सॅन्टोरिनीला साधारण आठ तासांत नेते. वेगवान बोट वेळ वाचवते, पण भाडे बरेच जास्त घेते आणि वाऱ्यात तीच आधी रद्द होते.

जेवणात बचतीला वाव आहे. बेकरीत मिळणारी पालक-चीज भरलेली स्पानाकोपिता, भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, सॅन्टोरिनीची 'फावा' नावाची घोटलेली पिवळी डाळ हे पदार्थ शाकाहारी माणसाला आपले वाटतील आणि समुद्राकाठच्या उपाहारगृहातील मासळीपेक्षा स्वस्तही पडतील.

चार लाख कसे जमवायचे?

आता या लक्ष्याला तारीख लावू. तीन वर्षे, म्हणजे ३६ महिने.

बँकेत दरमहा १०,००० रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, ३६ महिन्यांसाठी उघडली आणि व्याजदर ६.५ टक्के, तिमाही चक्रवाढ धरला, तर मुदतीअखेर सुमारे ३,९८,००० रुपये हातात येतात. त्यांतले ३,६०,००० रुपये तुमचे आणि सुमारे ३८,००० रुपये व्याजाचे. व्याज करपात्र आहे, तेवढे ध्यानात असू द्या.

आता हीच सहल आज कर्ज काढून केली असे समजा. चार लाखांचे वैयक्तिक कर्ज, १३ टक्के दर, ३६ महिने. मासिक हप्ता सुमारे १३,४८० रुपये. तीन वर्षांत एकूण भरणा सुमारे ४,८५,००० रुपये, म्हणजे व्याजच ८५,००० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे.

दोन्ही रकमा शेजारी ठेवा. बचत करणाऱ्याच्या खिशातून ३,६०,००० रुपये गेले, कर्ज घेणाऱ्याच्या खिशातून ४,८५,०००. फरक सव्वा लाखाचा. आणि पैशापलीकडचा एक फरक आहे. आरडी भरताना दोन वर्षांनी नोकरी गेली, तर सहल पुढे ढकलता येते आणि साठलेली रक्कम संसाराला उपयोगी पडते. कर्ज फेडताना नोकरी गेली, तर सहल होऊन गेलेली असते आणि हप्ता मात्र उभा असतो. 'ऋण काढून सण' या म्हणीतली खरी अडचण हीच आहे.

युरो महागला तर?

इथे एक प्रामाणिक शंका येते : तीन वर्षे थांबेपर्यंत युरोच महागला तर? शंका बरोबर आहे. २०२२ च्या मध्यात एक युरो सुमारे ८० रुपयांना मिळत होता. २०२५ मध्ये तो १०० रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे तीन वर्षांत पंचवीस टक्के वाढ. बचत रुपयांत आणि खर्च युरोंत असला, की ही जोखीम येतेच. ती टाळता येत नाही, पण मोजता येते.

आपल्या यादीत विमान आणि ६,००० रुपयांचे किरकोळ शुल्क सोडले, तर बाकीचा खर्च २,३९० युरो आहे. युरो ११५ रुपयांवर गेला, तर हा खर्च ३५,८५० रुपयांनी वाढेल. आपली दहा टक्के राखीव रक्कम ३६,५०० रुपये आहे, म्हणजे एवढा भार ती पेलते. राखीव रक्कम ठेवायची ती यासाठी, खरेदीसाठी नव्हे.

युरो १२५ वर गेला, तर वाढ ५९,७५० रुपयांची. राखीव रक्कम वापरूनही सुमारे २३,००० रुपये कमी पडतात. अशा वेळी क्रेडिट कार्ड पुढे करू नका, यादी पुढे घ्या. सॅन्टोरिनीच्या तीन रात्री काढून त्या नॅक्सोसलाच राहिलात, तर खोलीमागे दर रात्री ६० युरो, म्हणजे एकूण १८० युरो वाचतात. १२५ च्या दराने ते २२,५०० रुपये होतात. शिवाय एका बोटीचे भाडे कमी होते. समुद्र तोच, पांढरी घरे तीच. किंवा दोन-तीन महिने हप्ते पुढे चालू ठेवून सप्टेंबरअखेरीस जा. सहल लहान करता येते, पुढे ढकलता येते. या दोन्ही वाटा कर्ज घेणाऱ्याला बंद असतात.

जोखीम फक्त विनिमय दराचीच नसते. २०२५ च्या आरंभी सॅन्टोरिनीजवळ भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि हजारो लोकांनी बेट सोडले. म्हणून शक्य तिथे रद्द करता येण्याजोगे आरक्षण घ्या आणि विम्यात सहल रद्द झाल्यास काय मिळते, हे पैसे भरण्यापूर्वी वाचा.

आधी काय असायला हवे?

सहलीची आरडी उघडण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे आकस्मिक निधी म्हणून बाजूला आहेत का? कुटुंबाचा आरोग्य विमा चालू आहे का? क्रेडिट कार्डाची थकबाकी शिल्लक तर नाही ना? यांतल्या एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर दहा हजारांचा तो हप्ता आधी तिकडे वळवा. ग्रीसची बेटे हजारो वर्षे तिथेच आहेत. आणखी एक वर्ष थांबतील.

मुलांच्या शिक्षणासाठीची किंवा निवृत्तीसाठीची ठेव सहलीसाठी मोडू नका. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते, हे एक नुकसान. मोठे नुकसान असे, की मोडलेली ठेव पुन्हा उभी करणे फार थोड्यांना जमते.

आरडीचा हप्ता पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप वळता व्हावा अशी सूचना बँकेला द्या. नामनिर्देशन करा. आणि आरडीची मुदत सहलीच्या दिवशी नव्हे, तर चार-पाच महिने आधी संपेल अशी ठेवा, कारण विमान, विमा, व्हिसा हे खर्च आधीच येतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबू नका. व्हिसासाठी खाते-उतारा द्यावा लागतो. तीन वर्षे नियमित भरलेली आरडी आणि दरमहा जमा होणारा पगार तुमच्या आर्थिक स्थितीबद्दल जे सांगतो, ते अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी घेऊन भरलेली रक्कम सांगू शकत नाही.

परकीय चलन आणि कर

बँकेतून किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडूनच युरो घ्या, पॅन लागेल. एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० डॉलर मूल्यापर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, बाकीची रक्कम कार्डावर. सगळे युरो एकाच दिवशी घेण्याऐवजी व्हिसा आल्यावर दोन-तीन टप्प्यांत घेतले, तर एकाच दिवसाच्या चढ्या दरात सापडण्याची भीती कमी होते.

तुमचे नेहमीचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरल्यास बँक विनिमय दरावर वेगळा आकार घेते. तो ३.५ टक्के असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. आपल्या कार्डाचा दर निघण्यापूर्वी विचारून घ्या. कार्डावरील परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. ते बँकेच्या ॲपवरून सुरू करा, मर्यादा घाला आणि परतल्यावर पुन्हा बंद करा.

दुकानातील यंत्र किंवा एटीएम विचारते, 'रुपयांत पैसे द्यायचे की युरोंत?' नेहमी युरो निवडा. रुपये निवडले, की दर तिथला दुकानदार आणि त्याची यंत्रणा ठरवते, आणि तो सहसा महाग पडतो.

पर्यटन कंपनीकडून परदेशाचे पॅकेज घेतल्यास किमतीवर टीसीएस, म्हणजे स्रोतावर गोळा केलेला कर, भरावा लागतो. त्याचा दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत आल्या आहेत, म्हणून आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारा. ५ टक्के दर धरला, तर ३ लाखांच्या पॅकेजवर १५,००० रुपये जादा हाताशी हवेत. हा खर्च नव्हे. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळती होते किंवा परत मिळते. स्वतः सहल आखून परकीय चलन घेतले, तर एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. आणखी एक नियम अनेकांना ठाऊक नसतो : परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरावेच लागते.

फसवणुकीपासून सावध

'आजच भरा, निम्म्या किमतीत ग्रीस' अशा संदेशांवर पैसे पाठवू नका. कंपनीचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक तपासा, कार्यक्रम लेखी घ्या, आणि पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर नको. व्हिसाची हमी कोणीही देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यापासून दूर राहा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा. तुमच्या चुकीशिवाय तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तुमच्यावर नुकसानीची जबाबदारी येत नाही.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या मनातील एका ठिकाणाची खर्चयादी लिहा. रुपयांतील आणि परकीय चलनातील खर्च दोन वेगळ्या रकान्यांत मांडा.
२. वरच्या उदाहरणात युरो ११० रुपये झाला, तर खर्च किती वाढेल? (उत्तर : २,३९० × १० = २३,९०० रुपये.)
३. दरमहा १०,००० ऐवजी ५,००० रुपयेच जमत असतील, तर मुदत वाढवाल, की रात्री कमी कराल? कुटुंबासह ठरवा.
४. पैसे कमी पडल्यास सर्वांत आधी काय वगळायचे, ते आजच यादीत खूण करून ठेवा.

लक्षात ठेवा

• ठिकाण, महिना आणि रात्री ठरल्या, की मगच खर्चाचा आकडा निघतो.
• आकस्मिक निधी आणि आरोग्य विमा आधी, सहल नंतर.
• दहा टक्के राखीव रक्कम चलनाच्या चढउतारासाठी आहे.
• पैसे कमी पडले, तर एक बेट कमी करा. ठेव मोडू नका, कर्ज काढू नका.
• विमानात बसाल त्या दिवशी सहलीचे सर्व पैसे तुमचे स्वतःचे आणि हाताशी असलेले असावेत.